तारामतीचा नियम

वायपरच्या पात्यावर बसलेला नाकतोडा हिरवा नव्हता, वाळत चाललेल्या उसाच्या पाल्यासारखा पिवळट होता, आणि त्याच्या मागच्या पायावरचे काटे — बारीक, करवतीच्या दातांसारखे — बाहुबली मगदुमाला एकेक करून मोजता आले असते. काचेवर दव होतं. वायपर एकदा फिरवला असता तर काच लख्ख झाली असती. पण नाकतोडा चिरडला असता, आणि पुढं हाकेच्या अंतरावर दिगंबर मुनी, महाराज, अनवाणी चालले होते, मोरपिसांच्या पिंछीनं वाट झाडत. त्यांच्या पाठीमागच्या गाडीनं जीव मारायचा म्हणजे झालंच की. म्हणून त्यानं रुमाल काढून काच आतून पुसली, जी आतून ओली नव्हतीच, आणि मनाशी म्हणाला — दिसतंय की. नाकतोड्याच्या पायावरचा काटा दिसतोय मला. कोण म्हणतं दिसत न्हाय?

गाडी माणसाच्या चालीनं चालली होती. पहिला गिअर, अर्धा क्लच, चारी इंडिकेटर लुकलुकते, मागच्या काचेला लाल फडकं. कोगनोळीचा नाका ओलांडला की महाराष्ट्र संपतो आणि मगदुमांची पाळी सुरू होते. कागलकडच्या लोकांची गाडी नाक्यावर वळून माघारी जाते, आणि तिथून निपाणीच्या बस्तीपर्यंत, जैन मंदिरापर्यंत, महाराजांच्या संघाच्या मागं एकच गाडी असते, बाहुबली आण्णांची पांढरी बोलेरो. वीसेक वर्षं झाली असतील. हायवेवरून माणूस उघड्या अंगानं, उघड्या पायानं चालतो, मागून ट्रक येतात, ट्रकवाला रात्रभर जागलेला असतो. त्याचा धक्का बसलाच तर आधी गाडीला बसावा, महाराजांना नको — इतकी साधी गोष्ट. पण ह्या साध्या गोष्टीसाठी बस्तीत त्याला पुढं बसवत होते, लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव वर घालत होते, आणि त्याच्या तंबाखूच्या वखारीत ज्या बाया धुळीनं खोकून खोकून वाकल्या होत्या त्यासुद्धा आण्णा म्हणजे पुण्यवान माणूस असं म्हणत होत्या. म्हणणारच. मजुरी त्याच्याच हातून घ्यायची होती.

आज इंजिनाचा आवाज मोठा वाटत होता.

टॅपेट वाजतायत काय — त्यानं कान दिला. न्हाय. इंजिन नेहमीसारखंच होतं. मग काय कमी होतं? चाकाखालची खडी ऐकू येत होती, पुढच्या माणसांच्या हातातले टाळ ऐकू येत होते, डाव्या गालावर उन्हाची ऊब लागत होती... आणि शेजारी तारामती बसलेली होती, मांडीवर चौक्याच्या, महाराजांच्या आहाराच्या, भांड्यांचं गाठोडं घेऊन, आणि ती बोलत नव्हती.

हां. नियम.

त्याला हसू आलं. पहाटेचं सगळं परत डोळ्यांपुढं आलं आणि परत बरं वाटलं. कोगनोळीत, बस्तीसमोरच्या अंगणात, संघ निघायच्या आधी, महाराज फळीवर बसलेले, चार माणसं जमलेली, आणि हिनं सगळ्यांच्या देखत तोंड उघडलं होतं.

"अवो, आज जिनेंद्रला बसू द्या की गाडीवर. तुमी म्हाराजांबरोबर चाला जरा. पुण्य लागंल."

आण्णाप्पा चौगुले, बस्तीच्या कमिटीचा माणूस, त्याला असल्या ठिकाणी बोट घालायची हौसच. "व्हय की आण्णा. पोराला पण मिळू दे सेवा. का गाडी संगट घिऊन जाणार हाईसा वर?"

पोरगा, जिनेंद्र, बाजूला उभा होता. मान खाली. तिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, आणि बापासमोर अजून हात मागं बांधून. बाहुबलीच्या अंगाची आग झाली. म्हणजे घरात बोलणं झालंय. म्हणजे मायलेकांनी ठरवलंय.

"ह्याच्या हातात गाडी?" तो म्हणाला. "चौगुल्यांच्या लग्नात मांडवाचा खांब पाडला तो कुणी, इसरलासा व्हय?"

खरं तर तेव्हा स्टिअरिंगवर तो स्वतःच होता. जिनेंद्र मागं उभा राहून या, या, थांबा, थांबा म्हणत होता, आणि बाहुबली थांबला नव्हता. पण पोरानं नीट सांगितलं न्हाय अशी त्या दिवशीच गोष्ट झाली, आणि गोष्ट एकदा झाली की तिला पाय फुटतात. वर्षभरात खांब जिनेंद्रनंच पाडलेला झाला. जिनेंद्रसुद्धा आता काही म्हणत नव्हता.

"आणि ही," बाहुबलीनं बायकोकडं हात केला. लोक ऐकत होते, त्याला सूर सापडला होता. "हिला शेजारी घिऊन गाडी चालवायची म्हंजे बेस्तरवारच्या बाजारातनं चालवायची. नाक्यापासनं जे तोंड सुटतंय... शेळी बघा, सायकल बघा, त्या बाईचं लुगडं बघा, ट्रॅक्टरात ऊस किती भरलाय बघा. रेडिओ तरी बंद करता येतो. म्हाराज, हिला एक नियम द्या की. गाडीत बोलायचं न्हाय म्हणून."

हसले सगळे. चौगुले तर मांडीवर थाप मारून हसला.

महाराज हसले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्यासाठी नियम मागता येत नाही, मगदूम. तुम्हाला स्वतःला काय पाहिजे ते बोला."

त्यावर लोक आणखी हसले, आता त्याच्यावर. आणि तेवढ्यात तारामती पुढं आली. डोक्यावरचा पदर ओढला, मूठभर तांदूळ फळीपुढं ठेवले, गुडघे टेकले.

"मलाच पायजे नियम, म्हाराज."

"किती दिवसांचा?"

"आजन्म. ह्यांच्या गाडीत बसलं की बोलायचं न्हाय."

महाराज हळू म्हणाले, "विचार करा बाई. घेतलेला मोडता येत नाही. अडीअडचणीला, संकटाला तरी सूट ठेवा."

"सूट नको."

पिंछी तिच्या डोक्यावरून फिरली. बाया नमोस्तु, नमोस्तु म्हणाल्या. ती उठली तेव्हा तिचा चेहरा बाहुबलीनं बघितला होता — अगदी मधोमध, अगदी स्वच्छ — आणि त्यावर एक तकाकी होती. लग्नानंतर कधी तिच्या तोंडावर बघितली नव्हती तसली. त्याला वाटलं होतं, पुण्याची. त्याला वाटलं होतं, जिंकलो.

...जिंकलोच की. किती शांत वाटतंय.

नव्या रस्त्याचं काम चाललं होतं. जुना हायवे उकरून ठेवलेला, सगळी वाहतूक बाजूच्या कच्च्या वाटेवर ढकललेली. उजवीकडून कंटेनर घासून जात होते. डावीकडं ऊस होता, उसाच्या आणि गाडीच्या मधे मातीची पट्टी, आणि त्या पट्टीवरून संघातल्या बायका चालायच्या, मागं राहिलेल्या. आता तिथं कोणी नव्हतं. ऊस होता. सलग, हिरवा, हलता ऊस.

मेंदू शेजारचा रंग ओढून घेतो, काका.

ही कुठून आली मधेच? ती बेळगावची डॉक्टरीण. माधवी का काय नाव, पोरीएवढी. गेल्या आठवड्यात तो एसटीनं गेला होता. घरात सांगितलं, वखारीच्या जागेची कोर्टात तारीख आहे. डोळ्यांत जडपणा वाटतो एवढंच त्याचं म्हणणं होतं, चष्मा बदलून दिला असता तर काम झालं असतं. पण तिनं थेंब घातले, डोळ्यांत कसलं तरी भिंग लावून बघितलं, बघतच राहिली, आणि त्याला एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या घमेल्यासारख्या यंत्रापुढं बसवलं. हनुवटी टेकवा. मधल्या ठिपक्याकडंच बघा. आजूबाजूला कुठंही दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबा.

बसला बटण हातात घेऊन. एक दिवा, दाबलं. दुसरा, दाबलं. आणि मग काहीच नाही. पांढरं घमेलं. यंत्र आतल्या आत कुरकुरत होतं, म्हणजे दिवे लागत असणार, म्हणजे आपल्याला दाखवत असणार... घाम फुटला. आणि मग तंबाखूच्या सौद्यात आयुष्य काढलेल्या माणसाला जे सुचतं ते त्याला सुचलं. त्यानं यंत्राची लय पकडली. कुर्र झालं की थोडं थांबायचं, दाबायचं. कुर्र, दाबायचं. छान जमलं होतं. बाहेर आला तो मिशीवरून हात फिरवतच.

"काका," ती म्हणाली, "दिवा नसताना बटण दाबलंय तुम्ही. मशीनला कळतं ते."

"हात लागला असंल."

"इतक्यांदा?"

परत बसवलं. मग जो कागद निघाला त्यावर दोन गोल होते, डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा, उजव्याचा नाकाकडचा अर्धा काळा. ती समजावून सांगत बसली. हा काचबिंदू, मोतीबिंदू नव्हे, काढून टाकता येत नाही. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं, त्यासाठी रोज थेंब.

"पण मला सगळं दिसतंय की बाई. ती शेवटची ओळ वाचली की मी, बारक्या अक्षरांची."

"मधलं दिसतंय. बाजूचं गेलंय, डावीकडचं तर दोन्ही डोळ्यांचं. आणि गेलंय तिथं काळं दिसत नाही, काका, तिथंच माणूस फसतो. मेंदू शेजारचा रंग ओढून घेतो आणि भोक बुजवतो. शेजारी रस्ता असला की रस्ता, ऊस असला की ऊस. त्यात माणूस उभा असला तरी तुम्हाला ऊसच." मग तिनं विचारलं, "गाडी चालवता?"

"चाळीस वर्षं."

"बंद करा. आजपासून."

गेल्याच वर्षी लायसन नवं करून आणलं होतं त्यानं. तिथल्या डॉक्टरनं भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली होती, धडाधड वाचली, त्यानं सही ठोकली. ते त्यानं हिला सांगितलं. ती म्हणाली, भिंतीवरची अक्षरं चालत येत नाहीत गाडीपुढं.

"एकसुद्धा ॲक्सिडेंट न्हाय माझा," तो म्हणाला.

ती कागदाकडं बघत होती. "तेच मला कळत नाही," ती म्हणाली. "ह्या डोळ्यांनी आजवर झाला कसा नाही? नशीब म्हणायचं."

नशीब. तो मनात हसला होता. तिला काय ठाऊक स्टिअरिंगवरचा हात म्हणजे काय असतो. कागद त्यानं बसस्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, थेंबांची बाटली वखारीतल्या खणात ठेवली, आठवलं तर...

दुधाच्या किटल्या.

बॉनेटच्या पुढ्यात, एकदम, दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेली मोटरसायकल. आली नाही, होती. मघाशी नव्हती आणि आता होती, जणू जमिनीतून उगवली. ब्रेकवर पाय गेला, गाडी आचका देऊन थांबली, नाकतोडा उडाला; गवळी मान वळवून काही तरी कन्नडमध्ये बोलला आणि आडवा निघून गेला. डावीकडून एक पाणंद येऊन मिळत होती. आता दिसली ती. आता, तोंड वळवल्यावर.

आणि बाहुबलीच्या तोंडात एक वाक्य पूर्ण तयार होऊन आलं होतं, बायकोकडं वळून फेकायचं — सांगायचं न्हाय व्हय गं?

ते वाक्य तोंडातच राहिलं.

सांगायचं नाही व्हय... म्हणजे काय? म्हणजे ती सांगत होती?

क्लच हळू सोडला. गाडी परत माणसाच्या चालीला लागली. त्याला आठवायचं नव्हतं, पण आठवत होतं, आणि एकामागून एक नाही, सगळं एकदम आठवत होतं. "अगं बाई, ती शेळी बघा कशी मधोमध निघालीया" — डावीकडून. "सायकलीवर तिघं बसल्यात बघा" — डावीकडून. "कुणाचा गं म्हातारा ह्यो, बिनचपलीचा चाललाय" — डावीकडून. उजवीकडच्या ट्रकाबद्दल, कंटेनरबद्दल, पुढच्या बसबद्दल तिनं कधी एक अक्षर काढलं नव्हतं. फक्त डावीकडची शेळी, डावीकडचं लुगडं, डावीकडचा ट्रॅक्टर. आणि नेहमी जराशी आधी, पाय ब्रेकवर जायला पुरेल इतकी आधी. त्याचा पाय जायचा. तोंडानं तो म्हणायचा, तोंड मिट, आणि पाय मुकाट्यानं तिचं ऐकायचा.

कधीपासून? गेल्या दिवाळीपासून. त्याआधी ती गाडीत बोलायचीच नाही की. गाडीत बसली की काचेला डोकं टेकून झोपायची, निपाणी सोडली की झोप, बेळगाव आलं की जाग. झोपाळू म्हणून तो तिची नक्कल करायचा पाहुण्यांत. हे तो कसं विसरला? झोपाळू बाईची बडबडी बाई झाली आणि त्याला त्याचं नवल वाटलं नाही. बायका म्हाताऱ्या झाल्या की बडबडतात, बस्स.

आणि घरात... जेवताना तांब्या उजवीकडं यायला लागला होता. पिढ्यान्‌पिढ्या डावीकडं असतो तो तांब्या. उंबऱ्याजवळचं स्टूल एक दिवस दिसेनासं झालं. दाराची डावी फळी सदा भिंतीला लावलेली, खिळा मारून. तो खिळा कुणी मारला? कुणी विचारलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. यंत्राच्या वर्षभर आधी ह्या बाईनं त्याचं काय काय गेलंय ते मोजून ठेवलं होतं, आणि तोंडावर सांगितलं नाही. कारण त्याला तोंडावर काही सांगता येत नाही हे ती पोरगी असल्यापासून शिकली होती. म्हणून तिनं त्याची बडबड केली. शिव्या खाता येतील अशी. रोज शिव्या खाल्ल्या, आणि रोज सायकलवाले वाचवले.

आणि आज पहाटे ते सगळं खाली ठेवलं. तांदळासारखं. मुठीनं.

सूट नको, म्हणाली.

त्यानं डोळ्यांच्या कडेनं तिच्याकडं बघायचा प्रयत्न केला. कड नव्हती. तिच्या जागी सीटचं करडं कापड होतं आणि काचेबाहेरचा ऊस. ती तिथं असल्याची खूण म्हणजे फक्त गाठोड्यातल्या भांड्यांची किणकिण.

राग आला. त्याला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून राग आला. सरळ सांगायला काय झालं होतं? अवो, तुमाला दिसत न्हाय, असं? सांगितलं असतं तर... सांगितलं असतं तर त्यानं तिला चार माणसांत उभं केलं असतं आणि हिच्याच डोळ्यांवर झापड आलीया म्हणून सिद्ध केलं असतं, हे त्याला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. पण तरी. बायकोचं काम असतं सांगायचं.

उतरायचं. हॉर्न एकदा वाजवायचा, जिनेंद्र पुढं चाललाय महाराजांच्या उजव्या हाताला, तो वळून बघेल, त्याला हातानं बोलवायचं. कंबर धरलीया रे, म्हणायचं. एवढंच. कंबर कुणाचीही धरते. त्यानं हॉर्नवर तळवा ठेवला. आणि चौगुले दिसला, पाठमोरा, डुलत डुलत चाललेला... संगट घिऊन जाणार हाईसा वर? त्यानं तळवा उचलला. निपाणीपर्यंत. आजच्या दिवस. मग बघू.

ठप.

पोत्यासारखा आवाज. लई मोठा नाही. मग बॉनेटच्या डाव्या अंगावर एक थाप, हाताची, आणि बायकांचा कालवा.

गाडी थांबली होती. त्यानं थांबवली की आपोआप थांबली त्याला सांगता आलं नसतं. टाळ थांबले. पुढची सगळी माणसं मागं वळली. जिनेंद्र पळत आला, "आण्णा, बंद करा, इंजिन बंद करा", आणि डाव्या चाकाजवळ वाकला. बाहुबली उतरून पुढून फिरून आला तेव्हा मातीत बसलेली बाई त्याला दिसली — मधोमध, स्वच्छ, कोपराच्या सालटाखालचं रक्तसुद्धा.

जयाबाई. त्याच्याच वखारीतली, तंबाखू चाळणारी. जैनाची नव्हे, पण महाराजांच्या प्रत्येक विहारात, पायी प्रवासात, अनवाणी यायची, खोकत खोकत, सगळ्यांच्या मागं. एक हात घोट्याला, दुसऱ्या हाताच्या चिमटीत अजून बाभळीचा काटा.

"काय न्हाय, काय न्हाय," ती म्हणत होती. "काटा मोडला हुता, वाकलो काढाय. माझंच ध्यान न्हवतं."

बाहुबलीनं तोंड उघडलं. त्याला वाटलं होतं काही तरी वेगळं येईल.

"डोळं फुटल्यात काय गं तुझं? एवढी पांढरी गाडी दिसत न्हाय?"

"चुकलं आण्णा."

"म्हाराजांच्या विहारात असलं करायचं?"

"चुकलं." तिनं काट्यासकट हात जोडले. आधी त्याला, मग — माणसाला गाडीचीही भीती असते — बॉनेटला.

चौगुले येऊन उभा राहिला. "बाजूनं चालावं जयाबाई. आण्णा होतं म्हणून बरं, दुसरा कोण असता तर चिरडलीच असती तुला."

असं झालं. अर्ध्या मिनिटात गोष्ट तयार झाली, आणि बाहुबलीनं ती तयार होताना ऐकली. वाकली ती. वाचवली त्यानं. बायकांनी मान डोलावली. लांब उभे असलेले महाराज तेवढे बघत होते. एवढ्या लांबून त्यांचे डोळे बाहुबलीला अगदी स्पष्ट दिसत होते, आणि त्यानं मान फिरवली तसे ते नाहीसे झाले. मान फिरवली की काहीही नाहीसं करता येत होतं.

तो परत गाडीत बसला. जिनेंद्र खिडकीशी आला, आवाज दबलेला.

"आण्णा, उतरा. मी घेतो."

"का?"

"दमला असशीला."

"दमल्यालो न्हाय."

"ती दिसली न्हवती तुमाला."

"दिसली हुती. ब्रेक कुणी मारला मग? तुझ्या बानं का?" म्हणून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं तो काय बोलला, पण जिनेंद्र हसला नाही. जिनेंद्र त्याच्या पलीकडं बघत होता, आईकडं.

"आई. तू बघत हुतीस की. सांग. दिसली हुती ह्यास्नी?"

भांडी वाजली नाहीत.

"आई, बोल की."

आणि बाहुबलीला कळलं की आता ती बोलू शकते. एक शब्द. तो शब्द पडला की सगळं पडेल: खांब, नशीब, वखारीतली बाटली, वीस वर्षं. आणि तेवढ्यात त्याला उत्तर सुचलं, बेळगावच्या त्या खोलीत सुचलं होतं तसंच.

"तिचा नियम हाय," तो म्हणाला. "पहाटे म्हाराजांपुढं घेतलाय, तुझ्या डोळ्यांदेखत. आईला नियम मोडाय लावतोस व्हय रे? कुठं फेडशील?"

जिनेंद्रनं आईच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यानं खिडकीवरचा हात काढला आणि पुढं चालत गेला, आणि जाताना एकदासुद्धा वळून बघितलं नाही.

टाळ परत सुरू झाले. संघ निघाला. पहिला गिअर, अर्धा क्लच.

तिनं बघितलं होतं. आता तो ते सोडू शकत नव्हता. जयाबाई थांबली, पाय उचलला, वाकली... किती वेळ लागतो? चार पावलांचा? पाचांचा? शेळीच्या वेळी जेवढा लागतो तेवढाच. तेवढा सगळा वेळ ती बाई काचेतून बघत बसली होती, गाडी आणि जयाबाईचं डोकं जवळ येताना, आणि तिचे ओठ मिटलेले होते. नियमानं. त्यानं मागून दिलेल्या. जयाबाई तिच्या ओळखीची, संक्रांतीला तिच्याकडून तीळगूळ नेणारी. त्याच्यावर सूड उगवायचा तर ह्यानं? हिनं? मुंगीला गूळ घालणाऱ्या बाईनं?

की सूड नव्हताच. की ती फक्त थकली होती.

त्याला ते जास्त भयंकर वाटलं.

"तारा," तो म्हणाला. किती तरी वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "जयाबाई कुठं हाय गं? मागं राहिली का म्होरं गेली?"

टाळ. खडी.

"डावीकडं कोण हाय का बघ की. बोलू नको. बोलायला कोण सांगतंय? हुं म्हण नुसतं."

हुं नाही आलं. मौनात जेवणारी माणसंसुद्धा हुं म्हणतात, भाजी हवी असली तर. तिनं तीही सूट ठेवली नव्हती.

"हातानं दाखव मग. हातानं चालतंय."

आणि बोलता बोलताच त्याला उमगलं. हात. तिचा हात त्याला दिसतोच कुठं? ती मघापासून दाखवत असली तर? दुधवाल्याच्या वेळी, जयाबाईच्या वेळी, हात हवेत हलवून हलवून, थांबा, थांबा — तोंडानं नियम पाळत आणि हातानं गळा काढत — आणि त्याला तिथं करडं कापड आणि ऊस? ती आताही दाखवत असली तर? बघायला तोंड पूर्ण डावीकडं वळवावं लागणार, आणि तोंड वळवलं की समोरचा रस्ता जाणार, महाराज, जिनेंद्र, सगळे.

त्यानं वळवलं.

तिचे हात गाठोड्यावर होते. एकावर एक, स्वस्थ. आणि डोळे मिटलेले होते. झोपेत नव्हती, ओठ बारीक हलत होते, णमोकार मंत्र चालला होता. चेहऱ्यावर पहाटेची ती तकाकी. कधीपासून मिटलेत? आता? जिनेंद्र गेल्यापासून? की कोगनोळीपासूनच — की जयाबाई तिनंही बघितली नव्हती, बघायचंच नाही असं ठरवून बसली होती, म्हणजे सांगायचा प्रश्नच नको?

त्यानं झटकन तोंड फिरवलं. समोर सगळे होते. जागच्या जागी, पाठमोरे, ऊन खांद्यावर घेऊन. काहीच झालं नव्हतं.

पण डावीकडं आता ऊस नव्हता. म्हणजे होता, सलग, हिरवा, हलता. पण आजवर त्याला कधी त्या बाजूचं काही वाटलं नव्हतं, ती बाजू कमी आहे असंसुद्धा नाही, आणि आता ती भरली. त्या हिरव्याआड जयाबाई लंगडत होती, गाडीला चिकटून. म्हातारा चालला होता, बिनचपलीचा. सायकलीवरचे तिघं होते. वर्षभर तिच्या तोंडातून जे जे निघालं ते सगळं तिथं उभं होतं, एक पाय रस्त्यावर ठेवून, आणि त्यांच्या मागं आणखी कोण कोण, ज्यांची नावं तिनं घेतली नव्हती. तो श्वास रोखून ऐकू लागला. एखादा पाय घासेल, कोणी खोकेल. गाडी त्याच चालीनं चालली होती, त्याचा पाय क्लचवर होता, अर्धा दाबलेला, आणि कोणत्याही क्षणी शेजारून, बारीकसा का होईना, अगं बाई असा आवाज येईल म्हणून त्याचं सगळं अंग डाव्या कानाशी गोळा होऊन बसलं होतं.